भंगारातलं लवचिक सर्किट

मंडळी, ही पट्टी नीट बघा. वाकणारं सर्किट घरी करायचं, तर सुरुवात हिच्यापासून करता येते. बंद पडलेल्या इंकजेट प्रिंटरमधून काढली आहे. पांढरी, टोकांना निळा जाड तुकडा, आत शेजारी शेजारी तांब्याच्या चपट्या तारा. छपाई चालू असताना कार्ट्रिजमागे ही सतत वाकते, उलगडते आणि वर्षानुवर्षं तुटत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असे प्रिंटर बघायला मिळतात. थोडी घासाघीस करायची तयारी हवी.

घेताना रंग बघा. पांढरी पट्टी बहुधा पॉलिएस्टरची असते. मधासारखी पिवळसर तपकिरी असेल, तर पॉलिइमाइड या प्लास्टिकची. जुन्या सीडी ड्राइव्हमध्ये, कॅमेऱ्यात ती सापडते. पॉलिएस्टर 250 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी आक्रसायला लागतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक तर 300च्या वर असतं. पॉलिइमाइड ते सहज सोसतं. म्हणून पांढऱ्या पट्टीवर 183 अंशांना वितळणारं साधं 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डर वापरा, टोक टेकवा आणि लगेच उचला. त्यात शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

पट्टीवरच्या तारांची मांडणी ठरलेली असते. आपल्या मनासारखा मार्ग हवा असेल, तर तांब्याची चिकटपट्टी घ्या. गेल्या दिवाळीत भाचीच्या आकाशकंदिलासाठी मी ती पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर चिकटवली. चार एलईडी लागले, पाचवा लुकलुकायला लागला. तासभर शोधल्यावर कळलं, कोपऱ्यावर एक पट्टी दुसरीवर नुसती चिकटवली होती. बऱ्याच पट्ट्यांचा गोंद वीज नेत नाही! सोल्डरचा एक थेंब टाकला आणि कंदील उजळला. त्यानंतर मी कोपऱ्यावर पट्टी कापत नाही, घडी घालून तशीच वळवतो.

सगळ्यात जास्त प्रकल्प वाकण्याच्या जागी मरतात. तिथे सोल्डरचा जोड अजिबात ठेवू नका. जोड कडक असतो, आणि तो संपतो तिथेच तांब्याला चीर पडते. तारांनी वाकण्याची रेघ काटकोनात ओलांडावी. घडी धारदार नको, गोलाई मोठी हवी.

स्वतः एचिंग करायचं असेल, म्हणजे नको असलेलं तांबं रसायनात विरघळवून फक्त सर्किटच्या रेघा ठेवायच्या असतील, तर पॉलिइमाइडवर तांबं चढवलेला कोरा कागद मिळतो. त्यावरचं तांबं बरेचदा 18 मायक्रॉनचं असतं, म्हणजे नेहमीच्या कडक सर्किट बोर्डावरच्या 35 मायक्रॉनच्या जवळपास निम्मं. त्यामुळे फेरिक क्लोराइड या एचिंगच्या द्रावणात ते लवकर उतरतं. लक्ष नसेल तर द्रावण बारीक रेघाही खाऊन टाकतं. कागद टाकाऊ बोर्डाच्या तुकड्यावर चारही कडांनी चिकटवून बुडवा, म्हणजे गुंडाळला जाणार नाही. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यातलं तांबं नदीतल्या जिवांना मारतं. झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत भरून ठेवा. तेच द्रावण पुढच्या दोन-चार सर्किटांना चालतं.