घाण्याचा बैल आणि इलेक्ट्रॉन

परभणी जिल्ह्यातील या लाकडी घाण्यावर करडई गाळली जात आहे. बैल सकाळपासून चालतो आहे, पण मधल्या खांबापासूनचे त्याचे अंतर बोटभरही बदललेले नाही. चुंबकीय क्षेत्रात सापडलेल्या इलेक्ट्रॉनची गत अशीच असते. चुंबकीय बल त्याच्या वेगाला सदैव काटकोनात असते. त्यामुळे ते त्याची दिशा फिरवते, ऊर्जा मात्र देतही नाही आणि घेतही नाही. मराठवाड्यावरील आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षीण असले, तरी तेथील इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे दहा लाख फेऱ्या घेतो.

ही गती संगणकावर मांडताना काळाचे बारीक तुकडे करावे लागतात. ऑयलरच्या सरळ पद्धतीत कण प्रत्येक पावलाला त्या क्षणीच्या दिशेने नाकासमोर जातो, म्हणजे रिंगणाच्या किंचित बाहेर पडतो. एका फेरीची ६३ पावले केली, तर पहिल्याच फेरीअखेर त्याची ऊर्जा सुमारे ८७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. ही ऊर्जा निसर्गाने दिलेली नसते. ती आपल्या हिशेबातून उगवलेली असते.

एका पावलात चार वेळा क्षेत्र तपासून पुढे जाणारी चौथ्या श्रेणीची रुंगे-कुट्टा पद्धत यापेक्षा फारच अचूक आहे, आणि अभ्यासक्रमात तिला मान आहे तो योग्यच. तेवढ्याच पावलांत तिची एका फेरीतील ऊर्जेची चूक एक दशलक्षांशाहूनही कमी भरते. परंतु ती चूक दर वेळी एकाच बाजूला, तुटीकडे, पडते. दहा लाख फेऱ्यांनंतर, म्हणजे आपल्या इलेक्ट्रॉनच्या अवघ्या एका सेकंदानंतर, निम्म्याहून अधिक ऊर्जा नाहीशी झालेली असते.

१९७० मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील जे. पी. बोरिस यांनी मांडलेली युक्ती दिसायला साधी आहे. चुंबकीय क्षेत्राच्या जोडीला विद्युत क्षेत्रही असेल, तर त्याचा अर्धा धक्का आधी द्यायचा, मग चुंबकीय क्षेत्राने वेग केवळ फिरवायचा, आणि उरलेला अर्धा धक्का नंतर द्यायचा. मधली पायरी निव्वळ परिवलनाची असल्यामुळे तिथे वेगाचे परिमाण बदलण्यास वावच राहत नाही. शिवाय क्षेत्रांचे मूल्य रुंगे-कुट्टाप्रमाणे चार वेळा नव्हे, एकदाच काढावे लागते. या पद्धतीत कणांच्या स्थिती आणि वेग यांच्या एकत्रित अवकाशातील घनफळ कायम राहते, हे २०१३ मध्ये दाखवले गेले; तोवर चार दशके ती वापरणाऱ्यांचा तिच्यावरचा विश्वास मुख्यतः अनुभवावर उभा होता.

दोष हिच्यातही आहे. ६३ पावलांच्या हिशेबात कण दर फेरीला सुमारे ०.३ अंशाने मागे पडतो. बैल रिंगण सोडत नाही, पण उशिरा पोहोचतो, आणि पावले दुप्पट बारीक केली की हा उशीर चौपटीने घटतो. दर फेरीला ६३ पावले धरली, तरी एका इलेक्ट्रॉनच्या एका सेकंदासाठी सहा कोटींहून अधिक पावले टाकावी लागतात, आणि प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूच्या, गणनेत असे कण कोट्यवधी असतात.