खिंडीच्या माथ्यावरची नऊ मिनिटं

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली सकाळी घराबाहेर पडताना आपण आधी घड्याळ बघतो, मग फोनवरचा नकाशा. रस्ता निळा-हिरवा दिसला तर गाडीला किल्ली, लाल दिसला तर दुसरी वाट. हे रंग कुठून येतात आणि त्यांच्या भरवशावर बसचं वेळापत्रक आखायचं झालं तर काय काय तपासावं लागतं, हे आज सांगणार आहे. बसमार्गांची आखणी हेच माझं काम. खरं तर मला तुम्हाला एका खिंडीची हकिकत सांगायची आहे, पण ती नीट कळावी म्हणून आधी थोडी तयारी.

पहिली गोष्ट, उपग्रह आपल्याला बघत नसतो. पुष्कळांना वाटतं की वरून कोणीतरी आपली गाडी टिपतंय. तसं नाही. मी आत्ता इथे बोलतोय, तुमचा रेडिओ ऐकतोय, आणि कोण कुठे बसून ऐकतंय ते मला कळत नाही. उपग्रहाचंही तसंच. जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह स्वतःची जागा आणि अचूक वेळ सारखी सांगत राहतात. गाडीतलं यंत्र किमान चार उपग्रहांचं ऐकतं, कोणाचा निरोप किती उशिरा पोहोचला ते मोजतं आणि आपण कुठे आहोत ते स्वतः काढतं. रेडिओलहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात. त्यामुळे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी जागा ३०० मीटरने चुकते. म्हणून त्या उपग्रहांवर अणुघड्याळं बसवलेली असतात. आपल्या इस्रोनेही १ जुलै २०१३ ला श्रीहरिकोट्याहून या कामासाठी पहिला उपग्रह सोडला. त्या मालिकेला आज आपण नाविक म्हणतो.

दुसरी गोष्ट. जागा कळल्यावर ती कार्यालयात पोहोचवायचं काम यंत्रातलं सिमकार्ड करतं. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या बस, टॅक्सी अशा सार्वजनिक प्रवासी वाहनांना हे यंत्र आणि मदतीचं लाल बटण सक्तीचं झालं, रिक्षा वगळून. दर दहा सेकंदांना एक नोंद धरली, तर आठ तासांच्या ड्युटीत एका गाडीच्या २,८८० नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत वेळ, जागा, वेग आणि इंजिन चालू आहे की बंद, एवढं असतं. इंजिनाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रेंज नसेल तिथे यंत्र नोंदी पोटात ठेवतं आणि रेंज आली की एकदम पाठवून देतं. नियमाप्रमाणे अशा ४०,००० नोंदी तरी मावल्या पाहिजेत.

या नोंदी आल्या की लगेच वापरता येतात असं नाही. घाटातल्या वळणावर वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांत कधीकधी वीस मीटरचंच अंतर असतं. ठिपका जरासा सरकला की गाडी वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर गेलेली दिसते. मधलं अर्धा किलोमीटरचं वळण दहा सेकंदांत संपलं, म्हणजे कागदावर बस ताशी १८० किलोमीटरने धावली! असे ठिपके उचलून पुन्हा ज्या त्या रस्त्यावर ठेवायचे, हेच आमचं निम्मं काम.

रस्त्यांचे ते लाल-हिरवे रंग मुख्यतः लोकांच्या फोनवरून येतात. फोन सावकाश सरकत असतील तर रस्ता लाल. बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलावंताने एका छोट्या हातगाडीत ९९ फोन भरले आणि ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. रस्त्यावर गाड्या नव्हत्या, नकाशावर कोंडी होती. याच्या अगदी उलटही घडतं. रस्त्यावर गाड्या असतात आणि नकाशाला त्यांचा पत्ता नसतो. आता मी त्या खिंडीत येतो.

पण त्याआधी एक मनातलं बोलून घेतो. बसथांब्यांची नावं बदलू नयेत. पिढ्यान् पिढ्या लोक ‘वडाचा थांबा’ म्हणतात, ‘चावडी’ म्हणतात, आणि एके दिवशी पाटीवर भलतंच नाव येतं. म्हातारी बाई कंडक्टरला वडाचं तिकीट मागते आणि तिकिटाच्या मशीनमध्ये वड नसतो. दुसरं म्हणजे रंगवलेलं वेळापत्रक. बसस्टँडच्या भिंतीवर पेंटरने हाताने लिहिलेल्या वेळा असायलाच हव्यात. फोन असू दे, ॲप असू दे, ती पाटी हवी. ज्याच्या फोनची बॅटरी उतरली आहे आणि ज्याच्याकडे फोनच नाही, अशा दोघांनाही ती वाचता येते. असो.

तर ही हकिकत पश्चिम महाराष्ट्रातली, ऊसपट्ट्यातली. एका बससेवेची मुक्कामी गाडी. रात्री गावात मुक्काम, सकाळी सहाला निघून खिंड उतरायची आणि पावणेआठपर्यंत तालुक्याला. कॉलेजची मुलं, दवाखान्यात जाणारी माणसं, कोर्टात तारीख असलेले, असे सगळे त्याच गाडीने येतात. गाडीला उशीर होतो अशी तक्रार होती. कार्यालयाने मला वर्षभराच्या नोंदी दिल्या आणि सांगितलं, वेळ कुठे जातो ते शोधा.

शोधायला फार वेळ लागला नाही. खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबत होती. तिथे थांबा नाही, वस्ती नाही, टपरी नाही. वर्षाची सरासरी काढली, चार मिनिटं. आणि त्या वेळात इंजिन बंद. मी तसा तक्ता करून दिला. कार्यालयाने तो वाचला, इंजिन बंद हे वाचलं आणि ठरवून टाकलं की ड्रायव्हर बिडी ओढायला थांबतो. ड्रायव्हरला मेमो गेला, ‘विनाकारण गाडी थांबवणे’. त्यांनी सही करून तो घेतला. काही बोलले नाहीत.

मला ते नंतर कळलं आणि मन खाऊ लागलं, कारण तक्ता माझा होता. मी पुन्हा नोंदी काढल्या आणि पहिल्यांदाच महिने वेगळे केले. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाडी माथ्यावर थांबतच नव्हती. एप्रिल-मे मध्येही नाही. नोव्हेंबर ते मार्च मात्र रोज नऊ मिनिटं, कधी सात, कधी बारा. वर्षात एकही दिवस ती गाडी चार मिनिटं थांबली नव्हती! चार हा आकडा फक्त माझ्या तक्त्यात होता. आंब्याचा बारा महिन्यांचा सरासरी भाव काढून कोणी बाजारात जातं का? मी तेच केलं होतं. आधी महिने वेगळे करायचे, मग सरासरी. श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी असं काम करत असेल तर पुन्हा सांगतो. आधी महिने वेगळे करायचे, मग सरासरी.

पण का थांबते, हे महिने वेगळे करूनही कळेना. ठिपका थांबला एवढंच मला दिसत होतं. शेवटी जानेवारीत मी त्या गावी मुक्कामाला गेलो.

पहाटे कडाक्याची थंडी. गाडीत बावीस-तेवीस माणसं, सगळी शाली-मफलरात. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. सहा पस्तीसला गाडी माथ्यावर आली, पिंपळाखाली थांबली, आणि ड्रायव्हरमामांनी इंजिन बंद केलं. दिवेही बंद. खिडकीची काच सरकवली आणि डोकं बाहेर काढलं. थंड वारा आत आला, पण एकाही प्रवाशाने हूं की चूं केलं नाही. कोणी विचारलं नाही, का थांबलो. मीच विचारलं.

“मामा, इथं का थांबलो?”

त्यांनी मागे न बघता हात वर केला. “ऐका जरा, सायेब.”

मी कान दिला. आधी काहीच नाही. मग खूप खालून, दरीतून, गाण्याचा आवाज. वाऱ्याबरोबर यायचा, विरायचा, पुन्हा यायचा. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर असतात, तुम्ही पाहिलेच असतील. गाणं हळूहळू वर चढत होतं. मग त्याखाली पहिल्या गिअरमधल्या इंजिनाची घरघर ऐकू आली. मग पिंपळाच्या फांद्यांवर उजेड पडला. ट्रॅक्टर, त्याच्यामागे उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आमच्या खिडक्यांच्या काचांना घासत गेलं. त्याच्यामागे दुसरा, तसाच. दुसरा गेला, मला वाटलं आता निघणार. मामा जागचे हलले नाहीत.

“आजून एक हाय. त्येचा डेक बारका हाय, उशिरा ऐकू येतो.”

आणि खरंच तिसरा आला. तो गेल्यावर मामांनी पुन्हा डोकं बाहेर काढलं, दोन श्वास थांबले, काच लावली, किल्ली मारली. मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती.

खिंड उतरताना कारण डोळ्यांनी दिसलं. रस्ता एकेरी, म्हणजे एका वेळी एकाच गाडीपुरता, साइडपट्टी पावसाने खचलेली, तीन वळणं अशी की समोरचं काही दिसत नाही. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढणारा ट्रॅक्टर चढावर थांबू शकत नाही. थांबला तर पुन्हा उचलत नाही, ट्रॉल्या मागे ओढतात, पुढची चाकं हलकी होतात. आणि बसला त्या वळणांवरून रिव्हर्स वर चढता येत नाही. “दोन वर्सांमागं येकदा शिरलो हुतो,” मामा म्हणाले. “सव्वा तास अडाकलो. पोरांचा पेपर हुता त्या दिवशी.” तेव्हापासून हंगाम सुरू झाला की ते माथ्यावर इंजिन बंद करतात. इंजिन चालू ठेवलं तर खालचं गाणं ऐकू येत नाही.

मी म्हणालो, मामा, मेमो आला तेव्हा हे सांगितलं का नाही? ते गिअर टाकत म्हणाले, “तुमच्या यंत्राला ऐकू येतं म्हणून वाटलं.”

त्या ट्रॅक्टरांवर आमचं यंत्र नव्हतं. खिंडीत रेंज नव्हती, म्हणून ट्रॅक्टरवाल्यांच्या खिशातले फोनही त्या वेळी नकाशावर येत नव्हते. माझ्या पडद्यावर ओसाड खिंडीत एकटी बस उभी होती. आणि ट्रॅक्टर नेमके त्याच वेळी का? तर रात्रीतून भरलेल्या ट्रॉल्या सकाळी कारखान्याच्या वजनकाट्यावर लवकर पोहोचल्या तर लवकर नंबर लागतो. बस तालुक्यासाठी धावते, ट्रॅक्टर नंबरसाठी, आणि दोघांच्या मध्ये एकच एकेरी खिंड.

जवळचा रस्ता शोधून देण्याचं गणित एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, होणाऱ्या पत्नीबरोबर कॉफी पिताना वीस मिनिटांत बसवलं. कागद-पेन्सिलही नव्हती. आजही मार्ग सुचवणाऱ्या यंत्रणा त्याच पायावर उभ्या आहेत. पण कुठल्या तुकड्याला किती मिनिटं लागतात, हे त्या गणिताला बाहेरून सांगावं लागतं. ठिपका थांबला एवढं नोंदीतून कळतं. का थांबला, ते गाडीत बसून कळतं. हे मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो आणि पहिल्या आठवड्यात त्याला तिकीट काढून बसमध्ये बसवतो.

पुढे काय झालं ते सांगतो. मी कार्यालयाला पत्र लिहिलं, महिन्यांचा तक्ता जोडला, मेमो मागे घेतला गेला. आधी कारखान्याच्या स्लिप बॉयमार्फत, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसामार्फत, ट्रॅक्टरवाल्यांना विनंती करून पाहिली, की बस उतरेपर्यंत पायथ्याशी थांबा. आठवडाभर थांबले. मग कोणाचा तरी नंबर गेला आणि ते बंद पडलं. त्यांना दोष देत नाही, तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटतं. मग वेळापत्रकच बदललं. हंगामात गाडी सहाऐवजी पाच पन्नासला सुटते, आणि माथ्यावरची नऊ मिनिटं रीतसर धावण्याच्या वेळेत धरली आहेत. मामांना आता ती चोरून थांबवावी लागत नाही. गावातल्या पाटीवर पेंटरने दोन रकाने रंगवले, एक ‘हंगामात’, दुसरा ‘एरवी’.

फक्त हंगाम दरवर्षी एकाच तारखेला सुरू होत नाही. पाऊस लांबला की गाळप लांबतं. कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली की हंगाम सुरू. म्हणून दिवाळीच्या सुमाराला डेपोतून कारखान्याच्या शेती विभागाला एक फोन जातो. यंदा गव्हाणीत मोळी कधी टाकताय?

नमस्कार.