शंका घेतली म्हणजे तपासलं असं होत नाही | तरुण मतदार आणि रील्स

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच कॉमेंट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलीय. "ताई, सगळेच विकले गेलेत, आता कशावरच विश्वास नाही." लिहिणारी बहुतेक पोरं विशी-पंचविशीतली दिसतात. म्हणून आज फक्त यावरच बोलते.

अल्गोरिदमचं तुम्हाला माहीतच आहे. एक रील शेवटपर्यंत बघितली की तसल्याच दहा येतात, आणि डोकं तापवणारी जास्त चालते. झालं, पुढे जाऊ.

मला सांगायचंय ते हे: शंका घेतली म्हणजे तपासलं असं होत नाही.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 माणसांना जमावाने मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डवर 5 चॅटची मर्यादा आणली. तेव्हा आपण म्हणायचो, लोक काहीही खरं मानतात. आज पोरं काहीच खरं मानत नाहीत आणि त्यालाच हुशारी म्हणतात. मला दोन्हींत एकच खोट दिसते. स्वतः उठून खात्री करायला कुणी गेलं नाही.

माझ्या भाच्याचं सांगते. 20 नोव्हेंबर 2024ला त्याने विधानसभेसाठी पहिल्यांदा मत दिलं. नंतर मला धडाधड रील्स पाठवल्या. "मावशी, संध्याकाळी 5ला मतदान 58 टक्के आणि शेवटी 66? रात्रीत मतं घुसवली!" मी म्हटलं, प्रश्न रास्त आहे, उत्तर शोधलंस का? तर म्हणतो, "शोधायचं काय त्यात, दिसतंय की."

हे "दिसतंय की" मला फार खुपतं. कारण शोधायला जागा आहे. 5चा आकडा तात्पुरता असतो, 6 वाजता रांगेत उभे असलेल्यांना मत देता येतं, आणि मतदान संपलं की प्रत्येक केंद्रावर फॉर्म 17सी, म्हणजे तिथे किती मतं पडली त्याच्या हिशेबाचा कागद, भरतात. त्याची प्रत उमेदवारांच्या पोलिंग एजंटांना मिळते. आमच्या शेजारचे काका एका बूथवर एजंट होते. भाच्याला त्यांच्याकडे धाडलं. काकांनी कपाटातून चार घड्या घातलेला कागद काढला. नोंदवहीत किती मतदार, मशीनमध्ये किती मतं, खाली केंद्राध्यक्षाची सही. पोराने एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलं. मग फॉर्म 20 शोधला, त्यात केंद्रवार निकाल असतो. अख्खी संध्याकाळ घालवून ताडून पाहिलं. त्या बूथचा आकडा जुळला.

आता लगेच कॉमेंट येईल, "म्हणजे ताई, सगळं आलबेल?" नाही हो. मतदारसंघ 288 आहेत, एका बूथच्या कागदावरून राज्याचा हिशेब लागत नाही. निवडणूक आयोगाला प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि त्याने नीट उत्तरंही दिली पाहिजेत. पण भाचा आता विचारतो तेव्हा कुठला फॉर्म, कुठला बूथ हे सांगून विचारतो. त्या प्रश्नाला टाळणं अवघड जातं. "सगळेच चोर" म्हणणाऱ्याला उत्तर देण्याची गरज कुणालाच वाटत नाही, आणि खऱ्या चोराला तर ते सोयीचंच असतं.

एकाने लिहिलंय, फॅक्ट चेक करणारेही विकलेले आहेत. बरं, त्यांच्यावर विसंबू नका. माझ्यावरही नको. पण "कुणावरच विश्वास नाही" म्हणणाऱ्या पोराच्या फोनमध्ये एक तरी चॅनलवाला असतोच, ज्याचा शब्द तो शेवटचा मानतो. तो गाडीत बसून बोलतो, "भावांनो" म्हणतो, म्हणून आपला वाटतो. त्याच्यावर कधी शंका घेतलीत? मला काळजी वाटते ती इथे. विश्वास उडत नाही, तो गुपचूप दुसऱ्या माणसाकडे जातो आणि तिथे कागद कुणी मागत नाही.

तर एक करा. तुमच्या आमदाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवरून उतरवून घ्या. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सगळं त्यात लिहावं लागतं. गुन्ह्यांचा रकाना आधी वाचा. कुठल्या पानावर अडलात ते खाली लिहा. येत्या रविवारी मी फॉर्म 20 स्क्रीनवर उघडून ओळीने वाचणार आहे. भाचाही येतोय.