जळकं ऑइल, साखळी आणि येझदी

श्रोतेहो, नमस्कार.

महिन्यातून एकदा तरी माझ्या गॅरेजच्या दारात कुणीतरी रिकामी बाटली घेऊन उभं राहतं. “आण्णा, थोडं जळकं ऑइल द्या की.” कशाला म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. “कुत्र्याला खरूज झालीय, फासतो.” मागणारा माणूस वाईट नसतो, हे आधीच सांगतो. त्याला त्या कुत्र्याची कीव आलेली असते, म्हणूनच तो उन्हातून चालत आलेला असतो. पण मी ऑइल देत नाही. त्याला बाकड्यावर बसवतो, चहा सांगतो, आणि त्या काळ्या ऑइलात काय असतं ते समजावतो.

इंजिन फिरतं तसा आतला धातू कणाकणानं झिजतो. तो चुरा ऑइलात उतरतो. जळलेल्या पेट्रोलची काजळी उतरते, आम्लं उतरतात. हे सगळं कुत्र्याच्या अंगावर फासलं की काही कातडीतून आत जातं, आणि उरलेलं तो जीव स्वतःच चाटून पोटात घेतो. खरूज होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांमुळे. जनावरांचे डॉक्टर कातडी जराशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याप्रमाणे औषध देतात, आणि काही आठवड्यांत नवी लव यायला लागते. आधीच कुणी ऑइल फासलं असेल तर पेट्रोल किंवा रॉकेलनं पुसायला जाऊ नका, त्यानं कातडी आणखी भाजते. खायचं तेल चोळून ते काळं सैल करा, मग भांड्यांच्या पातळ साबणानं कोमट पाण्यात दोन-तीनदा धुवा, आणि डॉक्टरांकडे न्या. एवढं आज कुणाच्या लक्षात राहिलं तरी माझं इथं येणं कामी आलं.

मी शिरोळ तालुक्यातला. कृष्णा आणि पंचगंगा जिथं मिळतात त्या नृसिंहवाडीपासून आमचं गाव लांब नाही. धंदा गॅरेजचा, आणि माझी स्वतःची गाडी येझदी मोटारसायकल. वडिलांनी १९८३ साली घेतली. ते दूध घालायचे. गाडीच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायला जाड सळईचे आकडे त्यांनी लोहाराकडून करून घेतले होते. ते आकडे अजून आहेत. आता त्यांच्यावर लाकडी खोकं बसतं, आणि त्या खोक्यात आत्तापर्यंत अकरा कुत्री घरी आली.

तरुण श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. म्हैसूरला आयडियल जावा नावाची कंपनी होती. १९६१ पासून तिथं चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनू लागल्या, १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. नव्या कंपनीनं अलीकडे तीच नावं परत आणली आहेत, पण त्या गाड्यांचे पार्ट आमच्या जुन्या गाडीला लागत नाहीत. आमची अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच: आत दाबून फिरवला की किक, मारून झाली की तोच दांडा पुढं आणून गिअर टाकायचे. पेट्रोलमध्ये लिटरमागं ३० ते ४० मिली ऑइल मिसळायचं, प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंटची फट ०.४ मिलीमीटर ठेवायची, आणि वर्षातून एकदा सायलेन्सरच्या आतली काजळी कॉस्टिकनं सोडवायची. हे नेमानं केलं तर गाडी मिसिंग करत नाही. अलीकडं पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. म्हणून मी टाकीत पेट्रोल पडून राहू देत नाही आणि कॉकचे वॉशर, पाइप वरचेवर बदलतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर हेही आलंच.

आता २०१९ च्या ऑगस्टकडे येतो.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूरु हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. आमच्याकडं कृष्णेचंही पाणी तुंबलेलं. रात्रीत घर सोडायची वेळ आली. म्हातारी माणसं, पोरं, म्हशी, जमेल तेवढं धान्य. गाडी मी गॅरेजच्या ओट्यावर चढवली, हँडलला दोरी बांधली आणि निघालो. ओट्यापर्यंत पाणी येणार नाही असं वाटलं होतं. २००५ ला आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी छावणीत एका पोरानं विचारलं, “आण्णा, शेडवरची कुत्री कुठाय?” गावाबाहेर एक कोंबड्यांचं शेड आहे. तिथं राखणीला एक तांबूस मादी बांधलेली असायची. मी ती रोज बघत होतो, जाता-येता, दोन वर्षं. दीड हात साखळी. तिच्या भोवतीची जमीन गोल झिजलेली. मी कधी काही बोललो नव्हतो. दुसऱ्याच्या शेडवरचं कुत्रं, आपण काय बोलायचं, असं मनात यायचं. ही गोष्ट मला अजून टोचते, आणि म्हणूनच ती आज सांगतोय.

आमच्या भागात पुरात गुऱ्हाळाची काहील होडीसारखी वापरतात. तसल्या एका काहिलीतून मी आणि गावातली दोन पोरं गेलो. शेडच्या कडेला पिंजरे एकावर एक रचलेले होते, त्यांच्यावर ती चढून उभी होती. साखळी पुरी ताणलेली, मान वाकडी, हनुवटीपर्यंत पाणी. भुंकली नाही. आमच्याकडं बघितलंही नाही. हॅक्सॉच्या पात्यानं साखळी कापायला कितीतरी वेळ लागला, कारण काहील हलत होती आणि पातं मानेजवळ न्यायचं नव्हतं. उरलेला तुकडा गळ्यातच ठेवून तिला उचललं. अंगात वजनच नव्हतं.

गळ्याचा पट्टा पिल्लू असताना घातलेला. कुणी सैल केला नव्हता. मान वाढत गेली आणि पट्टा मांसात रुतला. वर कातडी आली होती, खाली पू. तो मी ओढून काढला नाही. काढायचाही नसतो, श्रोतेहो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पूरग्रस्त जनावरांसाठी आले होते, त्यांनी भूल देऊन कापून काढला.

त्याच डॉक्टरांनी मला एक गोष्ट शिकवली. मी तिच्यासमोर दूध-भाकरीचं पातेलं ठेवायला निघालो होतो. त्यांनी हात धरला. “मामा, असं भरून वाढलंत तर मरेल ती.” बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो, हृदय बंद पडू शकतं. पहिले काही दिवस मूठभर मऊ भात, थोडं अंडं, दर तीन-चार तासांनी. ती माझ्याकडं बघायची, पातेल्याकडं बघायची. पातेलं बाजूला ठेवणं मला फार जड गेलं.

पाणी ओसरल्यावर गॅरेज उघडलं. गाडी आडवी पडलेली, चिखलानं माखलेली, पाइपातही चिखल भरलेला. शेजारचा एक जण म्हणाला, “मारून बघा की एक किक.” बुडालेल्या गाडीला कधीही किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मी आधी प्लग काढला, कार्बोरेटर उतरवला, गिअरचं ऑइल सोडलं. ते दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी गेलेलं. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून क्रँक हातानं हळूहळू फिरवला. फिरला, पण बेअरिंग खरखरत होतं. त्या आवाजाकडं दुर्लक्ष करून गाडी चालू करता आली असती. महिनाभर चालली असती, नंतर रस्त्यात जाम झाली असती. इंजिन पूर्ण खोललं. क्रँक घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथं जुन्या मशिनचं काम करणारे एकाहून एक हात आहेत. बेअरिंग, ऑइल सील, रॉड किट नवं घातलं, बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसवला. नोव्हेंबरात गाडी तिसऱ्या किकला लागली.

लोक मला म्हणतात, जुनी गाडी जपणं आणि कुत्रं जपणं एकच. मला ते पटत नाही. बेअरिंग बदललं की गाडीला जुनं बेअरिंग आठवत नाही. तांबडीला, हे आम्ही तिचं नाव ठेवलं, सगळं आठवतं. मान भरून आली, केस आले, वजन वाढलं. पण कुणी हात वर केला, अगदी दोरीवरचं कापड काढायला, तरी ती जमिनीला चिकटते. ते बदलायला पार्ट मिळत नाही. एवढं मात्र खरं की दोन्हीकडं हात लावायच्या आधी गप्प उभं राहून बघावं लागतं, ऐकावं लागतं. येझदीच्या फटफटीत एक ठोका चुकला की मी पॉइंट आहे की प्लग, हे ओळखतो. तांबडीचे कान कुठल्या बाजूला आहेत, शेपटी कुठं आहे, हेही मी तसंच शिकलो. शिकायला जास्त वर्षं लागली, एवढंच.

शेडच्या मालकाशी बोलायला मी पूर ओसरल्यावर गेलो. रागानं गेलो असतो तर भांडण झालं असतं आणि कुत्री परत साखळीला गेली असती. त्याचंही खूप नुकसान झालं होतं, सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या. त्याला आठवणच राहिली नव्हती तिची. मी म्हणालो, “दादा, ती माझ्याकडं राहू दे.” तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “ठेव.”

नंतर मी कायदा वाचून काढला. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला सोडायची हयगय करणं, हे दोन्ही गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. साठ वर्षांहून जास्त काळ लिहिलेले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. चहा-वड्याला यापेक्षा जास्त पैसे जातात. प्राण्याला ठार मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे मारेपर्यंत वाट बघायची आणि मग तक्रार करायची, असं होऊन बसलंय. १९६० च्या कायद्यातला दंड वाढायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तांबडीनंतर आणखी आली. एक कारवान जातीचा शिकारी कुत्रा होता, शर्यतीतला. सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या मुधोळच्या या जातीवर २००५ साली टपाल तिकीट निघालं, लोक अभिमानानं तिचं नाव घेतात. आणि पाय मोडलेला हा कुत्रा मला उसाच्या फडात सापडला. पाय वाकडाच जुळला. तो आता पळत नाही, पण बांधावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं राजासारखा बघतो. एक मोठं केसाळ परदेशी कुत्रं होतं, मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेलं. ते वाचलं नाही. त्याच्याबद्दल मला जास्त बोलवत नाही.

ज्यांना हे काम करावंसं वाटतं त्यांना एक विनंती. आधी स्वतः रेबीजची लस घ्या. कुत्र्यांना हात लावणाऱ्यांसाठी आधीच घ्यायचे तीन डोस असतात. चावलंच, अगदी ओरखडा जरी निघाला, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यावर आणखी दोन डोस लागतात. घाबरलेलं, दुखणारं कुत्रं चावतंच, त्यात त्याचा राग धरायचा नाही. त्याच्या तोंडाला सैल सुती पट्टी बांधायची, डोळ्यांवर फडकं टाकायचं, हळू बोलायचं, आणि खोक्याखाली गोणपाट अंथरायचं. आणि माणसांच्या तापाची, अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. आपल्याला चालणाऱ्या साध्या गोळ्या त्यांच्या जिवावर उठतात.

शेवटी तांबडीचंच सांगतो. तिला येझदीचा आवाज आवडतो. मी वळणावर असतानाच ती फाटकाशी येऊन बसलेली असते. येझदीची चेन पूर्ण झाकलेली असते, पत्र्याच्या कव्हरात आणि रबरी नळ्यांत, त्यामुळं चालताना तिचा आवाज होत नाही. पहिल्या वर्षी एकदा मी कव्हर उघडलं, चेन काढली आणि डिझेलच्या घमेल्यात टाकली. लोखंडी कड्या घमेल्यात पडल्याचा तो आवाज. तांबडी ओट्याखाली घुसली, तिथंच मुतली, आणि रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. मला कळायलाच थोडा वेळ लागला.

तेव्हापासून चेन धुवायची असली की मी ती पोत्यात गुंडाळून शेजारच्या गल्लीतल्या मित्राच्या गॅरेजवर नेतो. तिथंच धुतो, तिथंच ग्रीस लावतो, कापडात गुंडाळून परत आणतो. बसवायच्या वेळी मुलगी तांबडीला घेऊन नदीकडं फिरायला जाते. आजही गेल्यात दोघी. मी इथून घरी पोचलो की चेन बसवायची आहे.