डावपेचांची कसोटी आणि नशिबाचा वाटा

मित्रहो, 'फुटबॉल मॅनेजर'सारख्या, संघाचा व्यवस्थापक होऊन डावपेच ठरवण्याच्या संगणकीय खेळात कुणी एखादी नवी व्यूहरचना मांडतो, त्याचा संघ एका हंगामात विजेतेपद पटकावतो आणि ती रचना लगेच अजिंक्य ठरते. माझा आक्षेप रचनेला नाही, निवाड्याच्या घाईला आहे.

थोडा हिशेब करू. प्रीमियर लीगच्या हंगामात प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. समजा, दर सामन्यात विजयाची शक्यता ४० टक्के, बरोबरीची २५ आणि पराभवाची ३५ टक्के, असा एक मध्यम संघ आहे. त्याला सरासरी ५५ गुण मिळतील. परंतु खेळाडू, प्रतिस्पर्धी किंवा डावपेच यांत तसूभरही बदल न करता तोच हंगाम पुन्हा पुन्हा खेळवला, तर गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून होणाऱ्या चढउताराचे माप, सुमारे ८ भरते. म्हणजे ढोबळमानाने तीनपैकी दोन हंगाम ४७ ते ६३ गुणांच्या दरम्यान पडतील आणि तिसरा त्याही पलीकडे जाईल. म्हणून नव्या रचनेची परीक्षा घेण्याआधी जुन्या रचनेची तुलना तिच्याशीच करून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सेव्ह (म्हणजे खेळाची जतन केलेली स्थिती) तीच, रचना तीच, हंगामांचे गट मात्र दोन. त्यांच्या सरासरीत जो फरक दिसेल, तो निव्वळ नशिबाचा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुधा म्हणूनच ती गाळली जाते.

दोन रचनांमधला पाच गुणांचा फरक खरा मानायचा, तर प्रत्येकीला किमान वीसेक हंगाम द्यावे लागतात आणि प्रत्येक हंगाम त्याच मूळ सेव्हपासून सुरू करावा लागतो. तीच कारकीर्द पुढे रेटली, तर यशामुळे संघाची प्रतिष्ठा वाढते, प्रतिस्पर्धी बचावात दडून खेळू लागतात आणि मोजण्याची वस्तूच बदलते. नवी रचना खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली नसते, तेव्हा तिची सरावलेल्या जुन्या रचनेशी तुलना करणे अन्यायाचे आहे. खेळातली माहिती बदलू देणाऱ्या 'एडिटर'च्या साहाय्याने मनोबल, दुखापती आणि सराव दोन्हीकडे सारखे ठेवणे उत्तम. सत्तराव्या मिनिटाला पिछाडीवर असताना आपण स्वतः बदल केले, तर परीक्षा आपली होते, रचनेची नव्हे. त्यामुळे सामने खेळातल्या सहायकाच्या हाती सोपवून आपण खेळातच सुट्टीवर जावे. पराभवानंतर सेव्ह पुन्हा उघडणाऱ्यांविषयी मी बोलत नाही.

केवळ गुणांपेक्षा गोलफरक अधिक सांगतो. २०२१च्या आवृत्तीपासून अपेक्षित गोलांचा, म्हणजे मारलेल्या फटक्यांच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते याचा, आकडाही मिळतो. तो पाहताना मात्र एकूण बेरजेबरोबर दर फटक्यामागची सरासरीही पाहावी, कारण दुरून मारलेल्या असंख्य फटक्यांनीही बेरीज फुगते.

सर्वांत फसवी जागा निवडीची आहे. समजा, तंतोतंत सारख्या ताकदीच्या ३० रचना प्रत्येकी एकच हंगाम खेळवल्या, तर त्यांतली पहिली आलेली रचना आपल्या खऱ्या सरासरीपेक्षा सुमारे १६ गुणांनी वर दिसेल, आणि तिच्या कर्त्याला त्यात काहीही वावगे वाटणार नाही. यावर उपाय असा की पहिल्या फेरीतून दोन-तीन रचना निवडाव्यात, त्यांना नवे हंगाम द्यावेत आणि ज्या आकड्यांमुळे त्या निवडल्या गेल्या, ते आकडे अंतिम सरासरीत धरू नयेत.