लेकरू काय करतंय, ते आधी पाहा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ऐन कापूस वेचणीच्या हंगामात तुम्ही एवढे जण आलात, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. 'बालकेंद्री शिक्षण' हे आपण इतक्या प्रशिक्षणांत ऐकलंय, की ते कानावर पडलं की चहा कधी येतो याच्याकडे लक्ष जातं. शिक्षण हक्क कायद्यात ते आहेच. कायदा 2009चा, लागू झाला 1 एप्रिल 2010ला, कलम 29. मूल भीतीशिवाय शिकावं, करून पाहून शिकावं, जमेल तिथवर मातृभाषेत शिकावं, सगळं तिथं लिहिलंय. त्याप्रमाणे आपण भिंती रंगवल्या, तक्ते टांगले. पण हे सगळं कशापायी, ते कुणी नीट सांगितलं नाही. माझ्या मते, माणूस घडतो कसा याबद्दलचं एक म्हणणं या सगळ्याच्या मुळाशी आहे. ते पटलं नसेल, तर रंगवलेल्या भिंतीला पाठ लावून आपण पाढेच घोकून घेणार.

म्हणणं असं: लेकराची वाढ लेकरूच करतं. आपण त्याला खाऊ घालू, जागा देऊ, वस्तू देऊ, सोबत देऊ. वाढायचं काम मात्र त्याचं त्यालाच करावं लागतं, आणि ते काम चालू असतं तेव्हा आपल्याला ते बहुतेक वेळा उपद्व्याप वाटतं.

मारिया मॉन्टेसरी या पेशानं डॉक्टर. 6 जानेवारी 1907ला त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत 'बालकांचं घर' उघडलं. उघडायचं कारण फार उदात्त नव्हतं. आईबाप कामावर गेले की पोरं नव्या चाळींच्या भिंती खराब करत, म्हणून मालकांनाच कुणीतरी राखणदार हवं होतं! तिथं त्यांनी तीनेक वर्षांची एक मुलगी पाहिली. लाकडी ठोकळ्यातल्या भोकांमध्ये दट्टे बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे, एवढंच तिचं चाललं होतं. मॉन्टेसरींनी बाकीच्या पोरांना गाणी म्हणायला लावली. मुलीनं मान वर केली नाही. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिनं ठोकळा मांडीवर ओढून घेतला आणि काम पुढं चालू. चाळीसहून जास्त वेळा तिनं ते केलं, मग आपणहून थांबली, थकलेली नव्हे तर ताजीतवानी. आता सांगा, आपल्या अंगणवाडीत एखादी पोरगी बाटलीचं झाकण वीस वेळा लावायला-काढायला लागली, तर आपण काय म्हणतो? "ठेव वं ते खाली, चाल, अ-आ-ई म्हण." तिचं चाललेलं काम तिथंच मोडतं.

याच मॉन्टेसरी 1939मध्ये मद्रासला अड्यारला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरला, ब्रिटिशांनी त्यांच्यावर बंधनं घातली, आणि युद्ध संपेपर्यंत त्या इथंच राहिल्या. कोडाईकनालला त्यांना लहानमोठ्या वयाची मुलं एकत्र पाहायला मिळाली. माणूस जन्मापासून चोवीस वर्षांपर्यंत सहा-सहा वर्षांच्या टप्प्यांनी घडतो आणि दर टप्प्याची भूक वेगळी असते, ही त्यांची मांडणी. पहिल्या सहा वर्षांत लेकरू आजूबाजूचं सगळं, भाषेसकट, शोषून घेतं. सहानंतर 'का' आणि 'कसं' सुरू होतं, टोळी करून हिंडणं सुरू होतं. बाराव्या वर्षानंतर पुन्हा उलथापालथ.

टप्प्यांची गोष्ट पुस्तकी वाटत असेल, तर आज रात्री घरी करून पाहा. कापूस तर घरात पडलेलाच आहे. चार-पाच वर्षांच्या लेकरासमोर दोन सारखे ढीग करा. "दोन्ही सारखेच ना?" हो म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ढीग फडक्यात दाबून गाठोडं बांधा. "आता कशात जास्त?" बहुतेक लेकरं मोकळ्या ढिगाकडे बोट दाखवतील. आठ-नऊ वर्षांचं पोट्टं मात्र तुमच्याकडंच पाहील, हे काय विचारणं झालं! "तितकाच हाये, दाबला फक्त." स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी असंच पाणी आणि मातीचे गोळे घेऊन मुलांना विचारलं होतं. लहानग्याला तुम्ही दटावून 'दोन्ही सारखे' असं म्हणायला लावू शकता. तो म्हणेल, पण त्याला ते पटलेलं नसेल. केजीतल्या वह्यांत एक ते शंभर उतरवून घेतो, तिथं हेच होतं.

म्हणून वय येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, असंही नाही. रशियाचे मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांचा भर यावर होता, की आज मूल जे दुसऱ्याच्या मदतीनं करतं ते उद्या एकटं करतं. आपल्या दोनशिक्षकी शाळेत तिसरीतली बहीण पहिलीतल्या भावाला वाचून दाखवते, ते यातलंच. (रिक्त पदं भरू नयेत, असा याचा अर्थ कुणी लावू नका.)

आता गणित. चौथीतलं एक पोरगं 35 गुणिले 8 कागदावर मांडतं आणि हातच्यापाशी अडकतं. त्यालाच विचारा, "मायनं 35 किलो वेचला, किलोला 8 रुपये, किती झाले?" आधी तिसाचे 240, मग पाचाचे 40, 280. वजनकाट्यापाशी उभं राहून शिकलेलं आहे ते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास 1985मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईकाला सांगताना मुलांचे हिशेब जवळपास सगळे बरोबर आले, आणि तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा निम्म्याहून जास्त चुकली. पोराच्या डोक्यातली ही रीत फळ्यावर लिहायला किती वेळ लागतो? पण आपण ती विचारतच नाही.

इथं कुणी म्हणेल, मग शेतातच शिकू द्या की! त्यावर वर्ध्याची गोष्ट सांगतो, आपल्या शेजारची. ऑक्टोबर 1937मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथं शिक्षण परिषद भरली. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेत, आणि मधोमध हाताचा उद्योग. झाकीर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम बांधला. 1945मध्ये सेवाग्रामला ही कल्पना गर्भापासून मरणापर्यंत नेली. माणूस आयुष्यभर घडतो, हे आपल्या मातीत तेव्हाच मांडलं गेलं. मला ते फार मोलाचं वाटतं. तरी ही योजना, म्हणजे नयी तालीम, गावात का रुजली नाही, हे गोड बोलून टाळू नये. मुलांच्या सुतावर शाळेचा खर्च काढायच्या नादात शिक्षण बाजूला पडेल, हा धोका खुद्द झाकीर हुसेन समितीच्या अहवालातच नोंदवलाय. आणि ज्या बापाच्या तीन पिढ्या दुसऱ्याच्या वावरात राबल्या, बाबासाहेबांचं ऐकून ज्यानं पोराला शाळेत घातलं, त्याला शाळेत पुन्हा हातकाम दिसलं तर तो का खूश होईल? त्याला पोरगं त्या वावरातून बाहेर काढायचं होतं. त्याचं बरोबरच होतं. दिवाळीनंतर पाचवी-सहावीतल्या मुली वेचणीला जातात किंवा घरी धाकट्याला सांभाळतात. त्याला 'अनुभवातून शिक्षण' म्हणणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

म्हणून पालक जेव्हा मला म्हणतात, "सर, तुम्ही लेकरायले निरा खेळवता, शिकवता कव्हा? नवोदयले लागन का थो?" तेव्हा मी हसत नाही. कॉन्व्हेंटच्या व्हॅनला महिन्याचे पैसे मोजणारी बाई येडी नाही. तिला पुरावा हवाय. तो तिला दाखवा. पालकसभेत निकालपत्रक वाचण्याऐवजी तिच्यासमोर पोराला धड्यातला न वाचलेला उतारा वाचू द्या, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचू द्या. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेतही गणित आणि भाषा समजूनच सोडवावी लागते.

भाषेचं राहिलंच. पोडावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं लेकरू अंगणवाडीत येतं आणि "गप्पच बसते जी" म्हणून त्याची नोंद होते. घरी ते कोलामीत अखंड बोलत असतं. पोडावरची एखादी आजी आठवड्यातून दोनदा बोलवा, तिला तिच्या भाषेत गोष्ट सांगू द्या. याला निधी लागत नाही.

एका ताईंची चिठ्ठी आलीय. 'पंचवीस लेकरं, आहार, वजनं, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, त्यात बैठका. लेकरू पाहायचं कव्हा?' रास्त प्रश्न आहे. ताई, रोज सगळी पाहू नका. एका दिवशी एकच लेकरू, दहा मिनिटं, आणि साध्या वहीत दोन ओळी: काय उचललं, किती वेळ धरलं, कशामुळं सोडलं. 'हुशार', 'मस्तीखोर', 'मंद' हे शब्द त्या वहीत नकोत, जे दिसलं तेवढंच. महिन्याभरात साऱ्यांची एकेक पाळी येते. आणि ती वही पर्यवेक्षिकेला दाखवू नका. तिचं एकदा रजिस्टर झालं, की त्यात सगळी लेकरं सारखीच निघतील. हं, दुसरी चिठ्ठी कुणाची आहे?