पंचवीस ठरल्या, एकोणीस झाल्या, चव्वेचाळीस निघाल्या

नमस्कार. गाड्यांवर बोलायला उभं राहिलं की लोक वेग आणि अश्वशक्ती ऐकायच्या तयारीने बसतात. ते थोडंफार येईलच, पण माझा आजचा विषय आहे मोजदाद. ॲस्टन मार्टिन या ब्रिटिश कंपनीच्या ‘डीबी४ जीटी झगाटो’ या गाड्या जगात किती? जाणकारांना विचारा. कोणी १९ म्हणेल, कोणी २३, कोणी २५, कोणी ४४. यातला एकही माणूस खोटं बोलत नाहीये.

ऑक्टोबर १९६०, लंडनच्या अर्ल्स कोर्टमधलं मोटार प्रदर्शन. ॲस्टन मार्टिन तेव्हा डेव्हिड ब्राउन यांच्याकडे होती. हे गिअर आणि ट्रॅक्टर बनवणारे यॉर्कशरचे कारखानदार. १९४७ साली ‘द टाइम्स’मधली छोटी जाहिरात वाचून त्यांनी ही कंपनी २०,५०० पौंडांना घेतली. गाड्यांच्या नावातलं ‘डीबी’ त्यांचंच. कंपनीकडे डीबी४ जीटी होती, टॅडेक मारेक या पोलिश इंजिनिअरचं ३.७ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. गाडी उत्तम, पण शर्यतीत फेरारीपुढे जड पडायची. म्हणून इंजिनासकट चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मिलानला झगाटोकडे पाठवायचं ठरलं. झगाटो म्हणजे गाड्यांच्या बॉड्या बनवणारं, पत्र्याचं वजन उतरवण्यात हातखंडा असलेलं घराणं. तिथे एर्कोले स्पादा नावाचा २३ वर्षांचा पोरगा होता. त्याने ही गाडी काढली.

पडद्यावरचा फोटो जरा निरखून बघा. पुढे-मागे बंपर जवळजवळ नाहीतच. बाजूच्या आणि मागच्या काचा काचेच्या नाहीत, पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकच्या आहेत. मागच्या चाकावरचा तो फुगवटा बघा, दंड फुगवल्यासारखा. ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून आणलेला आकार आहे हा. त्यामुळे या गाड्यांत दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत, कुठे दिव्यांची बैठक निराळी, कुठे बॉनेटचा उठाव. पत्रेकाम करणारा माणूस यात दोष काढेल. मला हीच त्या गाडीची सही वाटते. साध्या जीटीपेक्षा वजन सुमारे ५० किलोंनी उतरलं आणि ताकद ३१४ अश्वशक्तीपर्यंत चढली.

पंचवीस बांधायच्या असं ठरलं होतं. पण किंमत होती ५,४७० पौंड, आणि काहीच महिन्यांत, मार्च १९६१ मध्ये, जॅग्वारने जिनिव्हात ई-टाइप उभी केली, ती २,२०० पौंडांच्या आत. दिसायला देखणी, पळायला तुफान. मग झगाटो घेणार कोण? एकोणीस गाड्यांवर काम थांबलं आणि चार चेसिस नंबर वहीत कोरेच राहिले. हे चार नंबर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

म्हणजे आज ज्या दुर्मिळपणाचे कोट्यवधी मोजले जातात, तो मुळात न खपलेला माल आहे. शर्यतीतही फार दिवे लागले नाहीत. १९६२ च्या गुडवुडच्या टुरिस्ट ट्रॉफीत जिम क्लार्कसारख्या ड्रायव्हरच्या हातात ‘२ व्हीईव्ही’ या नंबरप्लेटची झगाटो होती. ती गिरकी खाऊन सर्वांत पुढे असलेल्या जॉन सर्टीजच्या फेरारीवर जाऊन आदळली. तीच २ व्हीईव्ही २०१८ साली गुडवुडलाच झालेल्या लिलावात एक कोटी पौंडांच्या वर गेली. ठोकलेली गाडी म्हणून आपल्याकडे भाव पाडतात. तिथे कोण चालवत होता आणि कोणाला ठोकली, यावर भाव चढतो.

आता एकदम १९८० च्या दशकाच्या मध्यावर येऊ. मालक बदलले, कंपनी कर्जात आहे आणि कारभार व्हिक्टर गॉन्टलेट यांच्याकडे आहे. मोठा हिकमती माणूस. त्यांनी पुन्हा झगाटोला हाताशी धरलं आणि व्ही८ झगाटो जाहीर केली. फक्त पन्नास. प्रत्यक्ष गाडी तयार व्हायच्या आधी, निव्वळ चित्रं बघून पन्नासच्या पन्नास बुक झाल्या. १९६० मध्ये गाडी आधी बांधली आणि गिऱ्हाईक नंतर शोधलं. या वेळी आकडा आधी विकला. बजाज चेतकच्या काळात बुकिंगचा कागदच ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन विकला जायचा, ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. लंडनमध्ये त्या सुमाराला हेच चाललं होतं, फक्त सूट-टाय घालून.

आणि मग मोह कसा होतो बघा. छत नसलेली व्ही८ झगाटो काढायचं ठरलं. आकडा सांगितला २५. बांधल्या ३७.

मला स्वतःला याचा राग येत नाही. सात वेळा दिवाळं वाजलेली कंपनी आहे ही. हातात आलेली आगाऊ रक्कम म्हणजे पुढच्या महिन्याचा पगार. पण ‘मर्यादित आवृत्ती’ हा शब्द कंपनीनेच सैल केला, हेही नोंदवून ठेवू.

आता त्या चार कोऱ्या नंबरांकडे येतो. गॉन्टलेट यांच्याच काळात कल्पना निघाली, की ते नंबर मंजूर करून राहिलेल्या गाड्या बांधायच्या. काम सोपवलं रिचर्ड विल्यम्स यांच्याकडे, जुन्या ॲस्टन दुरुस्त करण्यात मुरलेला माणूस. मूळ झगाटो मिलानला पाठवून, ती समोर ठेवून, झगाटोकडेच बॉड्या ठोकून घेतल्या. १९९१ मध्ये चार गाड्या बाहेर पडल्या. त्यांना म्हणतात ‘सँक्शन टू’. इंजिन ३.७ वरून ४.२ लिटरचं केलं, सस्पेन्शन सुधारलं. ही लपवाछपवी नव्हती, नावातच सांगून टाकलं होतं की ही दुसरी मंजुरी. या कामात दोन बॉड्या जास्तीच्या झाल्या होत्या. २००० साली त्या जुन्या डीबी४ च्या चेसिसवर चढवल्या, ‘सँक्शन थ्री’. एकोणीस, चार आणि दोन. चाळीस वर्षांनी का होईना, पंचवीसचा हिशेब जुळला. इथेच खातं बंद झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

पण तोवर कंपनीला एक गोष्ट कळून चुकली होती, आपल्या जुन्या वह्या म्हणजे खाण आहे. न्यूपोर्ट पॅग्नेलच्या कारखान्यात नव्या गाड्या बांधणं २००७ मध्ये थांबलं होतं. २०१७ मध्ये तिथेच डीबी४ जीटी पुन्हा सुरू झाली, पंचवीस गाड्या, प्रत्येकी १५ लाख पौंडांच्या घरात. नाव ‘कंटिन्युएशन’, चेसिस नंबर जुना संपला तिथून पुढे. त्यानंतर बाँडपटातली डीबी५, ‘गोल्डफिंगर’मधली. गिऱ्हाइकांसाठी पंचवीस, साडेसत्तावीस लाख पौंड अधिक कर. सगळ्या चंदेरी, फिरणारी नंबरप्लेट, मागून निघणारा धूर, दिव्यांमागून बाहेर येणाऱ्या खोट्या मशिनगन. एकेका गाडीला सुमारे ४,५०० तासांचं काम. कारागिरीला नमस्कार, पण एवढ्या पैशात हे खेळणं झालं, असं म्हटल्याशिवाय राहवत नाही.

आणि २०१९ मध्ये झगाटो घराण्याला शंभर वर्षं झाली म्हणून पुन्हा डीबी४ जीटी झगाटो. मूळ १९ होत्या, म्हणून याही १९. जोडीला डीबीएस जीटी झगाटो ही नवी गाडी घ्यायचीच, दोन्ही मिळून ६० लाख पौंड अधिक कर. पंचवीस अधिक एकोणीस, चव्वेचाळीस. खपल्या नाहीत म्हणून जो आकडा एकोणीसवर अडला, तोच आता मुहूर्तासारखा पाळला गेला.

यातला सर्वांत निष्ठुर परीक्षक कोण, तर कायदा. या कंटिन्युएशन गाड्या कंपनीने विकल्या त्या रूपात रस्त्यावर चालवता येत नाहीत. चेसिस नंबर १९६० चा वाटला, तरी गाडी बांधली आज, म्हणजे धुराचे, धडकेचे, एअरबॅगचे आजचे नियम लागू. ते पाळायचे तर गाडी जुनी राहणार नाही. म्हणून कंपनीने ती विकली फक्त ट्रॅकसाठी. कंपनी म्हणते जुन्याचाच हा पुढचा भाग. सरकारी दफ्तर म्हणतं नवी. मी दफ्तराच्या बाजूने.

ही युक्ती एकट्या ॲस्टनची नाही, आणि इथे मुंबईचा धागा लागतो. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार घेतली. त्यानंतर २०१४ मध्ये जॅग्वारनेही वह्या उघडल्या. १९६३ च्या वजनाने हलक्या ई-टाइप १८ ठरल्या होत्या, १२ झाल्या. उरलेल्या सहा बांधल्या. मग एक्सकेएसएस ही जॅग्वारचीच जुनी गाडी. त्याही पंचवीस ठरल्या होत्या, पण फेब्रुवारी १९५७ मध्ये कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली आणि नऊ गाड्या जळाल्या. त्या नऊ २०१६ मध्ये नव्याने जाहीर झाल्या. मंजुरी शेवटी ज्या मालकाच्या छत्राखाली मिळाली तो बॉम्बे हाउसमधला, म्हणजे टाटांच्या मुंबईतल्या मुख्यालयातला, ही मला मौजेची गोष्ट वाटते. आणि आगीत गेलेल्या नऊ पुन्हा बांधण्यामागे निदान काहीतरी कारण आहे, नुसती जयंती नाही.

ॲस्टनचं सध्याचं चित्र थोडक्यात सांगतो. वन-७७ च्या ७७, व्हल्कनच्या २४, कंपनीच्या ११० व्या वर्षानिमित्त व्हॅलरच्या ११०. आकडा आता नावात, नाहीतर वाढदिवसात असतो. २०१७ च्या सुमाराला व्हँक्विश झगाटो आली. बंद छताची कूपे ९९, छत उघडणारी ९९, मागे सामानाला लांब जागा असलेली शूटिंग ब्रेक ९९, बिनछताची स्पीडस्टर २८. प्रत्येक मालक सांगणार, माझी नव्याण्णवातली एक. बेरीज करा. ३२५ होतात.

म्हणून कोणी विचारलंच, की यातली कुठली हवी, तर मी मूळ एकोणीसमधली मागणार नाही. ती दारात लावायची म्हणजे रात्रीची झोप गेली. मला १९९१ ची, त्या चारांतली चालेल. मिलानला ठोकलेला खरा पत्रा, थोडं मोठं इंजिन आणि अंगावर खरंखुरं नाव, दुसरी मंजुरी.